तीच ती गाणी पुन्हा पुन्हा का?

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, आणि आता तुम्हीही विचारलंत: लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे सगळे अल्बम मोबाइलवर स्वच्छ आवाजात मिळतात, मग प्रेक्षकांत बसून लोकांनी चोरून केलेली, खरखरणारी, मधेच तुटणारी कॉन्सर्टची रेकॉर्डिंग्ज कशाला जमवता? तीच गाणी, तेच चौघं. त्यात नवं काय सापडतं?

'स्टेअरवे टू हेवन'वरून सांगतो. हे गाणं लोकांसमोर पहिल्यांदा वाजलं 5 मार्च 1971 ला, बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये. ते ज्या अल्बममध्ये आहे, तो बाजारात आला त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. मधले आठ महिने बँड हे गाणं वाजवत होता आणि समोरच्या बहुतेकांनी ते आधी कधी ऐकलेलंच नव्हतं. बेलफास्टमध्ये लोक चक्क कंटाळले होते, ओळखीचं काहीतरी कधी वाजतंय याची वाट बघत होते, असं बँडमध्ये बास वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सनेच पुढे सांगितलंय. त्या आठ महिन्यांतलं एखादं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. गिटारवर जिमी पेजची सुरुवातीची सुरावट सुरू होते आणि समोरून काहीच येत नाही. माइकजवळ बसलेला कुणीतरी शेजाऱ्याशी बोलतच राहतो. मग 1973 चं किंवा 1975 चं लावा. पहिले दोन-तीन सूर निघायचा अवकाश, अख्खं सभागृह उसळतं. अल्बममधलं 'स्टेअरवे' आपल्या पिढीला प्रसिद्ध होऊनच भेटलं. ते अजून कुणाचंच नव्हतं, तेव्हा कसं वाजत होतं हे फक्त या टेप्सवर ऐकायला मिळतं. त्या शांततेसाठी मी कितीही खरखर सहन करतो.

आणि 'तीच गाणी' म्हणालात, तिथे तर मला थांबवावंच लागेल. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' 1969 च्या पहिल्या अल्बमात साडेसहा मिनिटांचं आहे. 1973 मध्ये न्यूयॉर्कला वाजवलेलं, सिनेमासाठी ध्वनिमुद्रित झालेलं तेच गाणं सत्तावीस मिनिटांच्या घरात जातं, आणि 1975 च्या दौऱ्यात ते अर्ध्या तासाच्याही पुढे गेलं. मधे पेज व्हायोलिनचा गज घेऊन गिटारवर फिरवतो, गायक रॉबर्ट प्लांट दुसऱ्याच कुणाच्या गाण्याच्या ओळी गुंफतो आणि ड्रमवरचा जॉन बॉनम कान देऊन असतो, पेजने वळण घेतलं रे घेतलं की तोही वळतो. काल जिथे वळले तिथेच आज वळतील याची खात्री नाही. भीमसेनजींचा यमन एकदा ऐकला, आता दुसऱ्या मैफलीतला कशाला, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. खाजगी मैफलींच्या कॅसेटी जिवापाड जपणारी घरं पुण्या-मुंबईत आजही आहेत. मी करतो ते याहून वेगळं नाही.

तारखांच्या क्रमाने ऐकत गेलं की माणसंही ऐकू येतात. 1971 च्या जपान दौऱ्यात 'इमिग्रंट साँग'मधली ती किंकाळी प्लांट सहज मारतो. 1973 च्या उन्हाळ्यातल्या अमेरिकेच्या दौऱ्यात ते गाणंच यादीत नाही. सततच्या दौऱ्यांनी गळा खाल्ला होता. पण 1977 मध्ये तोच प्लांट खालच्या पट्टीत जे रंग भरतो, ते तेवीस वर्षांच्या प्लांटला सुचले नसते. मला दोघंही हवेत.

बँड चालू होता त्या काळात त्यांनी स्वतःचा एकच लाइव्ह अल्बम काढला, 1976 साली, तोही जुलै 1973 मधल्या न्यूयॉर्कच्या तीन रात्रींचा. 1972 च्या कॅलिफोर्नियातल्या दोन उत्तम रात्री अधिकृतपणे बाहेर यायला 2003 उजाडलं. बाकीच्या शेकडो रात्री राहिल्या त्या प्रेक्षकांतल्या कुणीतरी राखल्या म्हणून. आणि हे सोपं नव्हतं. त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट चोरून रेकॉर्ड करणाऱ्यांचा कर्दनकाळ होता. 1971 मध्ये व्हँकुव्हरला त्याने एक यंत्र असंच पकडून फोडून टाकायला लावलं. नंतर कळलं की ते आवाजाची पातळी मोजायला आलेल्या सरकारी माणसांचं होतं.

अशा काळात लॉस एंजेलिसचा माइक मिलर्ड नावाचा पठ्ठ्या चाकाच्या खुर्चीत बसून तिथल्या फोरम या मोठ्या सभागृहात शिरायचा. पायांना काही झालेलं नव्हतं, खुर्चीत नाकामिची 550 हे वजनदार कॅसेट यंत्र लपवलेलं असायचं. सोबत एकेजीचे दोन उत्तम माइक. 21 जून 1977 ची त्याची टेप मी नव्या माणसाला नेहमी आधी ऐकवतो. बॉनमचा ड्रम तिथे छातीवर येतो. मिक्सरमधून थेट घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्य सुटं आणि स्पष्ट येतं, पण सभागृह गळून पडतं. मिलर्डच्या टेपमध्ये छत आहे, माणसं आहेत, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आहे. मित्राला प्रत देताना तो तिच्यात बारीकशी खूण ठेवायचा म्हणतात, म्हणजे ती बाहेर गेलीच तर कुणाकडून गेली ते कळावं.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो वेग सुधारण्यात. बॅटरी उतरली की रेकॉर्डर हळू फिरतो, आणि मग तशी टेप नेहमीच्या वेगाने लावली की गाणं वरच्या पट्टीत पळायला लागतं. त्यात कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, असं होत होत प्रत्येक यंत्राने आपला थोडा फरक मिसळलेला असतो. मी गिटार घेऊन बसतो, पट्टी जुळवतो, थोडा वेग बदलतो, पुन्हा ऐकतो. सुरुवात जुळली तरी शेवट सरकलेला निघतो, मग तुकड्यातुकड्याने जावं लागतं. पट्टी बरोबर लागली की प्लांटचा आवाज एकदम माणसाचा होतो. आणि कोणती टेप कुणाच्या कितव्या प्रतीवरून आली, हे लिहून ठेवल्याशिवाय मी ती पुढे देत नाही. एमपी-थ्रीत फाइल लहान करताना आवाजातलं काही गळतं, म्हणून ती तर घेतही नाही आणि देतही नाही.

पैशाचं विचाराल तर, मी यात रुपयाही घेत नाही. 2007 मध्ये ग्लासगोच्या न्यायालयात बूटलेग, म्हणजे अशी विनापरवानगी रेकॉर्डिंग्ज, विकणाऱ्याविरुद्ध स्वतः जिमी पेजने साक्ष दिली. चाहत्यांनी आपापसांत संगीत देणं-घेणं त्याला मान्य होतं, सुबक वेष्टनात घालून ते विकणं नव्हतं. मला ही रेषा अगदी योग्य वाटते. 2025 मध्ये पिंक फ्लॉइड या दुसऱ्या ब्रिटिश बँडने आपल्या 'विश यू वर हिअर' या अल्बमच्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत मिलर्डची 1975 ची टेप अधिकृतपणे घातली, तेव्हा मला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला. तो बघायला मिलर्ड नव्हता.

एका गाण्यात तर माझा जीव अडकलाय: 'फ्रेंड्स'. ते रंगमंचावर वाजवल्याचं एकच रेकॉर्डिंग माहीत आहे, 29 सप्टेंबर 1971, ओसाका. पुढच्याच वर्षी पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी हेच गाणं आणि 'फोर स्टिक्स' ध्वनिमुद्रित केलं. 2015 मध्ये ते बँडच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत आलं, पण त्याआधी कित्येक वर्षं ते आमच्यासारख्यांच्या हातोहातीच फिरत होतं. ओसाका ऐकून लगेच मुंबई ऐका. गिटारने जे सुचवलं होतं, ते इथले वादक पूर्ण करतात.

त्याच मुक्कामात कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये दोघांनी वाजवलंही. त्या रात्रीची टेप माझ्याकडे नाही. तुमच्या ओळखीत कुणी काका, मामा तेव्हा तिथे जात असतील, तर त्यांना एकदा विचाराच. जुन्या कॅसेटींचा, स्पूलचा खोका माळ्यावर पडला असेल तर टाकून देऊ नका. बुरशी धरलेली टेपही वाचवता येते, मी स्वतः घ्यायला येईन.