‘दिगबंर’वर बसलेला कोतवाल

माझं नाव दिगंबर. पण डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, सत्तावीस वर्षं ‘दिगबंर’ असं गोंदलेलं होतं. अनुस्वार एक घर पुढं सरकलेला.

1998 साली मी आठवीत होतो. पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेला कराडकडचं सगळं गाव लोटतं, तसे आम्ही चौघं मित्र गेलो होतो. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, तारळी नदीच्या काठावर पाळणे, आणि एका कडेला पोत्यावर बसलेला गोंदणारा. समोर पुठ्ठ्यावर नमुने चिकटवलेले: विंचू, नाग, पिंड, बाण घुसलेला बदाम. शेजारी मोटारसायकलची बॅटरी, तिला वायरीनं जोडलेलं घरगुती यंत्र. अक्षराला दोन रुपये. माझी चार अक्षरं, आठ रुपये. अनुस्वाराचे पैसे नाहीत.

एकच सुई, एकच शाईची वाटी, पुसायला एकच फडकं. माझ्या आधी त्या सुईखालून किती हात गेले असतील, देव जाणे. पुढं आठ दिवस हात सुजला, एका अक्षरात पू झाला, आईनं हळद-तेल लावलं, वडिलांनी एक ठेवून दिली. शाळेत मराठीच्या सरांनी शुद्धलेखन शिकवताना मला फळ्याजवळ उभं केलं आणि बाही वर करायला लावली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो की गोंदणारा अडाणी होता. खरं सांगायचं तर त्यानं सिगारेटच्या पाकिटातला कागद पुढं करून म्हटलं होतं, “ल्ही हितं नाव.” लिहिलं मी. त्यानं इमानदारीत बघून उतरवलं.

एवढी वर्षं चाललं होतं. मग चौथीतल्या लेकीनं एका रविवारी हात धरून वाचलं, “पप्पा, दिगबंर म्हणजे काय?” त्यांना शाळेत नुकताच अनुस्वार शिकवला होता.

आधी त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो, लेझरनं जातं का बघायला. ते म्हणाले, जाईल, पण एका बैठकीत नाही. लेझर शाईचे कण फोडतो, ते तुकडे शरीर हळूहळू वाहून नेतं, म्हणून दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे थांबायचं. अशा सहा-आठ तरी बैठका. आणि आपल्या सावळ्या कातडीवर जागा पांढुरकी किंवा जास्त काळी पडायची शक्यता. त्यांनीच विचारलं, जत्रेतलं आहे तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही तपासलंय का? मी वर्षातनं दोनदा रक्तदान करतो आणि आपल्याकडं दिलेल्या प्रत्येक पिशवीची या तिन्हींसाठी, शिवाय सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते. त्या सुईनं मला चुकीचा अनुस्वार सोडून काही दिलेलं नाही, हे माहीत होतं. पण ज्यांनी कधी तपासलं नसेल त्यांनी एकदा तपासून घ्यावं. आमच्या चौघांपैकी दोघांनी अजून तपासलेलं नाही.

मग झाकायचं ठरवलं. पुण्यात पहिल्या स्टुडिओत गेलो तर पोरगा मान वर न करता म्हणाला, “वर काळा पट्टा मारून देतो, इंचावर रेट.” काळा पट्टा म्हणजे चुकलेल्या उत्तरावर गिरगटल्यासारखं. निघून आलो. दुसऱ्या ठिकाणी पंचविशीची मुलगी होती. तिनं आधी फोटो काढला, मग डोळे मिटून बोटानं अक्षरं चाचपली. म्हणाली, “दादा, रेषा उठलेल्या आहेत. रंग झाकेन, पण हा उठाव राहणार. तिरप्या उजेडात दिसेल. चालेल का, ते आत्ताच सांगा.” ज्याला आपलं काम येतं तो काय होणार नाही ते आधी सांगतो, हे मी कारखान्यात बघितलंय. तिथंच ठरवलं.

तिनं समजावलं ते मला नवीन होतं. जुन्या शाईवर नवी शाई भिंतीच्या रंगासारखी थर देऊन बसत नाही. दोन्ही कातडीच्या आतल्याच पदरात असतात, एकमेकींत मिसळून दिसतात. म्हणून काळ्यावर पिवळं काढून काळं लपत नाही, गडदच लागतं. आणि नवं चित्र जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं असावं लागतं, म्हणजे डोळा दुसरीकडं जातो. माझी अक्षरं अडीच इंचांत होती, चित्र सहा इंचांचं झालं.

गडद म्हणजे काय काढायचं? तिच्या वहीत वाघ, कवटी, गुलाब, पिसं होती. मी म्हटलं, कोतवाल. तिनं पोलीस कोतवाल समजून माझ्याकडं बघितलं. मग फोनवर फोटो दाखवले. नांगरामागनं उडणारे किडे टिपणारा, म्हशीच्या पाठीवर, विजेच्या तारेवर बसणारा, अंगानं बुलबुलाएवढा पण घारीच्या पाठी लागून तिला शिवारातनं हाकलणारा पक्षी. सगळा काळा, शेपूट दुभंगलेली. अक्षरं झाकायला याच्याहून बरं काय मिळणार?

फक्त एक अडचण निघाली. कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी, गालाकडं, एक बारीक पांढरा ठिपका असतो. तो हवाच म्हणून मी हटून बसलो. ती म्हणाली, पांढरी शाई पुढं पिवळट पडते आणि काळ्याखालच्या अक्षरावर तर टिकणारच नाही. मग ठिपक्याची जागा कोरीच सोडायची, आणि त्यासाठी पक्ष्याचं डोकं अक्षरांच्या बाहेर, कोपराकडं घ्यायचं. त्या एका ठिपक्यासाठी तिनं चित्र दोनदा नव्यानं बसवलं. ज्या माणसानं आपल्या नावातला ठिपका चुकवला, तो पाखराच्या ठिपक्यासाठी भांडत होता, हे बायकोनं घरी आल्यावर लक्षात आणून दिलं.

बोलता बोलता तिनं सांगितलं की देवनागरीचं काम आलं की तिला धास्तीच वाटते. चित्राच्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये मराठी चिकटवली की जोडाक्षर फुटतं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडची उजवीकडं जाऊन बसते. ज्याला वाचता येत नाही तो तसंच छापतो आणि तसंच गोंदतो. ती आता गिऱ्हाइकाकडून कागदावर हातानं लिहून घेते. मी गप्प बसलो. माझा अनुभव त्याच्या उलट होता.

डिसेंबरातला दुसरा शनिवार ठरला. उन्हाळ्यात घाम फार, म्हणून थंडी बरी. आदल्या दिवशी दारू नाही, येताना पोटभर जेवून, झोप झालेली. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, जखम भरल्यावर तिथं गाठीसारखी कातडी वाढते का, हे सगळं विचारून फॉर्मवर सही घेतली. सुईचं कार्ट्रिज माझ्यासमोर पाकीट फाडून काढलं, त्याआधी पाकिटावरची मुदत मी वाचली. शाई बाटलीतनं छोट्या टोपणांत ओतली, उरलेली शेवटी फेकून दिली. यंत्रावर, वायरीवर, फवाऱ्याच्या बाटलीवरसुद्धा प्लास्टिक गुंडाळलेलं. मधे तिचा फोन वाजला, तो घेतला आणि परत बसताना हातमोजे बदलले. पालचं ते फडकं आठवलं.

जुन्या रेषांवर स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कागदी छाप, नीट बसत नाही म्हणून अर्धा पक्षी तिनं मार्करनं थेट हातावर काढला. मग साडेचार तास. दुखतं का? दुखतं. उन्हानं पोळलेल्या जागी कुणी बॉलपेन दाबून ओढतंय, असं. हाताच्या बाहेरच्या बाजूला सोसवतं. मनगटाजवळ आणि कोपराच्या खळीत मात्र डोळ्यांतनं पाणी आलं. सुईपेक्षा तिचं ते सारखं टिश्यूनं पुसणं जास्त झोंबतं. तिसऱ्या तासाला अंगात थरथर सुटली. तिनं यंत्र थांबवलं, मी खिशातली शेंगदाण्याची चिक्की खाल्ली, पाणी प्यायलो, पुन्हा सुरू. टचअप, म्हणजे सुटलेली जागा नंतर भरून देणं, धरून साडेनऊ हजार झाले. आठ रुपयांचं काम झाकायला.

निघताना तिनं वर पारदर्शक फिल्म चिकटवली, ‘सेकंड स्किन’ म्हणतात ती. तीन दिवस ठेवायची होती. रात्री त्याच्या आत काळं पाणी साचून फुगा झाला. रक्त, पाझर आणि जास्तीची शाई, घाबरायचं नाही, हे तिनं सांगितलं होतं. बायकोला सांगायचं राहिलं. सकाळी चादरीवर काळा डाग आणि तिचा आरडाओरडा, “अहो, काय करून घेतलंत हे!” कड सुटली की फिल्म काढून टाकायची, नाहीतर त्या फटीतनं आत घाण जाते. कोमट पाण्याखाली हात धरून, कातडीला समांतर ताणत काढली. वर उपटायची नाही.

मग खरं काम सुरू झालं. दिवसातनं दोन-तीनदा, आधी हात स्वच्छ धुऊन, बिनवासाच्या साबणानं नुसत्या तळव्यानं गोंदण धुवायचं. टॉवेल नाही, स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालानं टिपायचं. दहा मिनिटं वारा लागू द्यायचा. मग बिनवासाचं लोशन, इतकं पातळ की चमकता कामा नये. मी पहिल्या दिवशी लोणी थापल्यासारखं लावलं होतं, ती फोटो बघून म्हणाली, “निम्मं पुसून टाका, कातडी गुदमरते.” आईचा रोज फोन, “आरं दिगा, हळद लाव, खोबऱ्याल लाव.” लावतो म्हणायचो. ओल्या जखमेवर घरातली पूड आणि उघड्या बाटलीतलं तेल नको, हे गोंदणाऱ्या पोरीनं बजावलं होतं आणि आठवीतला पू मला आठवत होता.

दोन दिवस हात गरम आणि लाल होता, मग उतरला. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला, लाल रेघ वर चढायला लागली, तर स्टुडिओला नाही, डॉक्टरला फोन करायचा, असं तिनं फॉर्मच्या मागं लिहून दिलेलं.

माझी खरी अडचण नोकरीची. चाकणला सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर काम, ते थंड ठेवणारं कूलंट उडतच असतं. साहेबांना हात दाखवून दहा दिवस इन्स्पेक्शनच्या टेबलावर बदली मागून घेतली. सैल सुती पूर्ण बाहीचा शर्ट. दुचाकीवर ऊन बरोबर हाताच्या त्याच बाजूला लागतं आणि ताज्या जखमेवर सनस्क्रीन लावायचं नसतं, म्हणून बाहीच. आता भरल्यावर 50 एसपीएफचं लावतो. चाकणच्या कारखान्यात सनस्क्रीन लावणारा मी एकटाच असेन.

पाचव्या दिवसापासून सापासारखी कात निघायला लागली, काळी, पातळ. चित्रच गळून चाललंय असं वाटतं. ओढायची नाही, आपोआप पडते. आठव्या-नवव्या रात्री जी खाज सुटली ती सुईपेक्षा वाईट. खाजवायचं नाही, थोपटायचं. रात्री दोन वाजता बायकोनं विचारलं, “कुणाला झोपवताय?”

एवढं सांभाळून दहाव्या दिवशी भाच्यानं मामाचा हात ओढला आणि शेपटीच्या टोकाची खपली निघाली. तिथं शाई गेली, तांदळाएवढी फट पडली. तिसऱ्या आठवड्यात सगळंच धुरकट, वरून दुधाची साय धरल्यासारखं दिसत होतं. ती नवी कातडी असते, महिन्याभरात निवळते. आतून पूर्ण भरायला त्याहून बरेच महिने जातात, म्हणाली. सहा आठवड्यांनी शेपूट वीस मिनिटांत जोडून दिली.

कारखान्यात सगळे म्हणतात, कावळा भारी काढलाय. गावी गेलो तेव्हा आईनं चष्मा न लावता ओळखलं, “कोतवाल न्हवं का ह्यो? श्यापूट बघ की.” मग पंखावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, “हितं नाव हाय की रं अजून.” तिला चाचपून लागलं. लेकीला अजून सापडलेलं नाही.

19 फेब्रुवारीला शिवजयंतीचं रक्तदान शिबिर होतं. दरवर्षी माझा नंबर पहिला असतो. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या बारा महिन्यांत गोंदवून घेतलंय का. ‘होय’वर खूण केली. सिस्टरनं हात बघितला, म्हणाल्या, “दादा, आता टचअपपासून वर्ष मोजायचं.” परत पाठवलं, पण बिस्किटाचा पुडा दिला.