आबांची मेंढरं आणि माझा रिपोर्ट

आठवा आठवडा चालू होता. पहिल्या रक्ततपासणीचा कागद डॉक्टरबाईंनी पुढ्यात घेतला आणि कोपऱ्यात पेनने एक भागाकार केला. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ६२; तांबड्या पेशींची संख्या ५.३. उत्तर आलं ११.७.

"तेराच्या खाली आलं की मला आधी थॅलेसेमियाची शंका येते," त्या म्हणाल्या. "घरात कुणाला आहे?"

"माहीत नाही. मला कॉलेजपासून रक्त कमी आहे. गोळ्या चालू असतात."

"गोळ्यांनी कधी वाढलं का?"

दहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. हिमोग्लोबिन साडेनऊ-दहा दिसलं की लोहाच्या गोळ्या, नाहीतर टॉनिक, आणि खजूर-बीट खा म्हणून सांगायचं. वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या डॉक्टरांनी तेच केलं. माझ्या तांबड्या पेशी संख्येनं कमी नव्हत्याच, आकारानं लहान होत्या. साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या, कागदावर ते दर वेळी छापून येत होतं. त्या दिवशी फेरिटिन केलं तर शरीरातलं लोह व्यवस्थित निघालं. मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायची तपासणी. तीन दिवसांनी आकडा आला: हिमोग्लोबिन ए-टू ५.४ टक्के. साडेतीनच्या आत असायला हवं होतं. मी बीटा थॅलेसेमियाची वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर.

मायनर म्हणजे आजार नाही, हे डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, माझी एक बरी आणि एक बिघडलेली. बऱ्या प्रतीवर आयुष्य निघतं. "पण मिस्टरांची तपासणी उद्याच करा. उद्याच," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. आणि मग विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?"

आहे. माझा नवरा माझ्या आत्याचा मुलगा.

त्यांचं हिमोग्लोबिन साडेबारा. धडधाकट माणूस, चाकणला कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, कधी गोळी म्हणून घेतली नाही. ए-टू ५.१.

समुपदेशक ताईंनी आम्हाला बसवून कागदावर चौकोन काढला आणि त्याचे चार भाग केले. वरच्या बाजूला माझ्या दोन प्रती, डाव्या बाजूला ह्यांच्या. एका घरात दोन्ही बऱ्या, दोन घरांत एक-एक बिघडलेली, चौथ्या घरात दोन्ही बिघडलेल्या. प्रत्येक गरोदरपणात चारात एक. एक मूल चांगलं निघालं म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही. हे शांतपणे ऐकत होते. मी मात्र त्या चौकोनाकडेच बघत राहिले, कारण तो मी आधी पाहिला होता. आमच्या मेंढवाड्यात.

आमचं गाव फलटण तालुक्यातलं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तेव्हा साठ-सत्तर मेंढरं होती, दख्खनी, लोणंदकडची. दिवाळीनंतर खांडवा, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन कोकणाकडं उतरायचं, रात्री शेतात मेंढरं बसवायची, पावसाच्या तोंडावर परत. दख्खनी मेंढीला एका वेळी एकच कोकरू. मी सहावी-सातवीत असताना फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची माणसं गावात येऊ लागली. त्यांच्याकडे जुळी देणारी मेंढरं होती. मूळ गुण बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा. ती अंगानं अगदी लहान, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. संस्थेनं ती आणून दख्खनीशी संकर केला आणि पिढ्यान् पिढ्या असा निवडला की अंग दख्खनीचं राहावं आणि जुळ्यांचा गुण टिकावा. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही हाच जनुक आहे. तिकडं तो अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून नेलेल्या मेंढ्यांबरोबर पोचला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. २००१ मध्ये जनुकातला नेमका बदल सापडला आणि तेव्हापासून रक्ताच्या थेंबावरून थेट सांगता येऊ लागलं की कुठल्या कोकरात तो आहे.

लोक अजून विचारतात, मेंढ्यांत प्रयोगशाळेत काही घातलं होतं का म्हणून. काही घातलं नव्हतं. निसर्गात आधीपासून असलेला गुण रक्त तपासून ओळखायचा आणि वीण ठरवायची, एवढंच.

ही तपासणी का लागते, ते आबांना एका वाक्यात कळलं होतं: एडका वीत नाही. मेंढीत गुण आहे की नाही ते व्याल्यावर दिसेल. एडक्यात ते कसं दिसणार? त्याच्या लेकी मोठ्या होऊन वेतापर्यंत तीन वर्षं जातात, तोवर खांडव्यात काय झालं ते झालं. म्हणून मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, नळीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा. निकाल यायचा तो असा: दोन बी, एक बी, बी नाही. आबांना ते इंग्रजी अक्षर वाटलंच नाही कधी. ते पेरायचं बी समजायचे. दोन बीचा एडका साध्या मेंढ्यांवर सोडला तर प्रत्येक कोकराला एक बी मिळणार. एक बीचा सोडला तर निम्म्यांना. दोन्हीकडे एक-एक असेल तर चारात एकाला दोन. वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढून मी हे आबांना वाचून दाखवायचे. जुळ्यांना दूध पुरेल का, वाटेवर दुबळं कोकरू चालेल का, ही त्यांची काळजी खरी होती. आठ-दहा मेंढ्यांपलीकडे त्यांनी तो गुण वाढवला नाही. पण हिशेब त्यांना पाठ होता.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना पाठ होती, संस्थेनं न सांगता. दर दोन वर्षांनी एडका बदलायचा. त्याच्याच लेकींवर तो राहू द्यायचा नाही, मेंढरं खराब होतात.

त्या रात्री मी आबांना फोन केला. ते माणगावच्या पुढं कुठंतरी होते. मी मेंढरांच्या भाषेतच सांगितलं, कारण तीच आम्हा दोघांची होती. आमच्या दोघांत एक-एक बी आहे, आबा, फक्त हे वाईट आहे. एक असलं तर काही होत नाही. दोन आली तर सहा महिन्यांपासून बाळाला रक्त चढवावं लागतं, दर तीन-चार आठवड्यांनी, जन्मभर.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी आपल्या म्हातारीकडनं नायतर म्हाताऱ्याकडनं आलंय. माझ्यात हाय, तुझ्या आत्यात हाय." समुपदेशक ताईंना वंशावळ काढून जे सांगायला दहा मिनिटं लागली होती, ते त्यांनी जागेवर सांगितलं. आणि मग, "एडका बदलत आलो गं मी. लेक मात्र घरातच दिली." मी त्यांना म्हटलं की सगळ्यांनीच दिल्यात, तुम्हीच नाही. खरंच आहे ते. मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत आमच्यात शतकांची आहे, आणि बहुतेकांच्या घरी काही बिघडत नाही. त्यांना ते त्या रात्री पटलं नाही.

पुढचे चार आठवडे वेळेशी झटापट होती. आधी आम्हा दोघांच्या रक्तातून नेमकी कुठली चूक आहे ते शोधायचं. बीटा थॅलेसेमियाच्या शेकडो चुका माहीत आहेत, पण भारतात पाच-सहाच फार आढळतात. आमच्यात निघाली त्यांतली सगळ्यांत जास्त सापडणारी, आयव्हीएस १-५. दोघांत एकच, म्हणजे आबांचा अंदाज बरोबर असावा. हे कळल्याशिवाय बाळाची तपासणी करता येत नाही, कारण काय शोधायचं तेच माहीत नसतं. म्हणून मी भेटेल त्या मुलीला सांगते की एचपीएलसी लग्नाआधी करा, निदान दिवस राहण्याआधी करा. गरोदरपणात कळलं तर प्रत्येक रिपोर्टची वाट बघताना आठवडे संपत जातात.

मधल्या काळात ताईंनी सुचवलं की थॅलेसेमियाची मुलं जिथं रक्त चढवायला येतात ते केंद्र एकदा बघून या. गेलो. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा उजव्या हातानं गृहपाठ करत होता, डाव्या हाताला पिशवी लावलेली. त्याची आई मला सगळं सांगत होती: दर वेळच्या रक्तातून शरीरात लोह साठतं, ते हृदयावर आणि यकृतावर बसतं, म्हणून ते बाहेर काढायच्या गोळ्या रोज. भावा-बहिणीची अस्थिमज्जा जुळली तर प्रत्यारोपण होऊ शकतं, यांची जुळली नव्हती. मुलगा हुशार होता, हसरा होता. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "असं पोर नको, असं मला म्हणवत नाही." मलाही म्हणवत नव्हतं. तरी घरी येऊन तीन रात्री बोलून आम्ही ठरवलं की दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या तर पुढं जायचं नाही. ताईंचा आग्रह होता की सुई टोचण्याआधी हे बोलून घ्या, निकाल हातात आल्यावर डोकं चालत नाही. कायद्यानं वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात होतो, म्हणजे आमच्या हातात वेळ होता. आत्याला हे मान्य नव्हतं. "बिरोबा बघून घेईल," म्हणून तिनं दोन दिवस जेवण सोडलं. मी तिच्यावर रागावले नाही. तिला आतून वाटत होतं की तिच्या रक्तावर बोट ठेवलंय.

अकरा आठवडे पाच दिवसांवर सीव्हीएस झालं. वारेचा अगदी लहानसा तुकडा पोटातून सुई घालून घेतात. आधी सह्या. एक संमतिपत्र, गर्भलिंग विचारणार नाही आणि आम्हाला ते सांगितलं जाणार नाही असं लिहिलेलं. मराठीतली प्रत मागितली तर मिळाली; मागा, तो आपला हक्क आहे. गर्भपाताचा धोका शंभरात एक किंवा त्याहून कमी, असं सांगितलं. जागा बधिर करून सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घातली. दुखण्यापेक्षा आत ओढल्यासारखं होतं, तीसेक सेकंद. मी पडद्याकडे बघितलं नाही. हात ह्यांच्या हातात होता. नंतर एका तरुण मुलीनं तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि चिमट्यानं माझा भाग वेगळा करत बसली. आईच्या पेशी त्यात राहिल्या तर रिपोर्ट बाळाचा न येता माझाच येतो. त्यासाठीच माझं रक्तही पुन्हा घेतलं, दोन्ही ताडून बघायला. इतक्या बारकाईनं ती काम करत होती की माझी अर्धी भीती तिथंच गेली.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या दिवसांत मी मोबाइलवर नको तितकं वाचलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमका बदल करायचं तंत्र, वापरून केलेल्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली, सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी. रुग्णाच्याच मज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढून त्यांत एक छेद देतात, म्हणजे जन्मानंतर बंद झालेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. मला ते वाचून रडू आलं, केंद्रातला तो मुलगा आठवून. पण आधी जोरदार केमोथेरपी द्यावी लागते आणि अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर आहे. त्याच्या आईनं या खर्चाचा आकडा ऐकला असेल का, असं वाटत राहिलं.

आठव्या दिवशी दुपारी फोन आला. "एक प्रत बिघडलेली, एक चांगली. तुमच्यासारखंच." मी शाळेच्या व्हरांड्यात होते, तिथंच खाली बसले.

मुलगी झाली. आता दीड वर्षाची आहे. तिच्या लसीकरणाच्या कार्डाला मी तो रिपोर्ट चिकटवून ठेवलाय, कारण तिच्याही तांबड्या पेशी लहान असणार आणि एखादा डॉक्टर तिलाही उगाच लोहाच्या गोळ्या देत बसेल. दुसरं मूल हवं असेल तर पुन्हा हाच रस्ता, पहिल्या आठवड्यापासून.

मग घरात तपासण्या झाल्या. आबा वाहक, आत्या वाहक, आई नाही, धाकटा भाऊ वाहक. भावासाठी स्थळं बघणं चालू होतं. पहिल्याच बैठकीत आबांनी मुलीच्या वडिलांना सांगून टाकलं की आमच्या पोरात असं आहे, तुमच्या मुलीचं रक्त तपासून घ्या, खर्च आम्ही करू. आईनं मागून पदर ओढला तरी थांबले नाहीत. ती माणसं चहा घेऊन गेली, परत आलीच नाहीत. गावात बोललं गेलं की अमक्याच्या घरात रोग आहे. मला वाईट वाटलं, भावाला राग आला. आबा म्हणाले, "दुसरी बघू." मुलगी वाहक नसली तर पोरांना मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेला थॅलेसेमिया, व्हायची भीती नाही, हे ते आता प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगतात. समोरचा मेंढरं राखणारा असेल तर दोन मिनिटांत, नसेल तर थोडा वेळ लागतो.

दुसरं स्थळ माळशिरसचं. नात्यातलं नाही. मुलगी नर्सिंग शिकलेली. तिनं आपणहून एचपीएलसी करून रिपोर्टचा फोटो मला पाठवला. मी लगेच आबांना फोन लावला. मागं मेंढरांचा गलका चालू होता.

"ए-टू किती हाय?" त्यांनी नाव-गावाच्या आधी तेच विचारलं.

"दोन पॉइंट सात."

"पुन्यांदा सांग."

"दोन पॉइंट सात, आबा."

"मग तुझ्या आईला म्हणावं, साखरपुड्याची तारीख काढ. आम्ही आठ दिसांत घाट चढतो."