केंटमध्ये गोळीबाराचा हुकूम कोणी दिला?

तुम्ही विचारलंत म्हणून. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने, म्हणजे राज्यपालाच्या हाताखालच्या अर्धवेळ सैनिकांनी, चार विद्यार्थी मारले आणि नऊ जखमी केले. हुकूम कोणाचा?

हुकूम दिल्याचं कुठल्याच कोर्टात सिद्ध झालेलं नाही. वसतिगृहाच्या खिडकीतून झालेल्या ध्वनिमुद्रणात हुकमाचे शब्द ऐकू येतात, असा दावा २०१० मध्ये झाला. २०१२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने तपास पुन्हा उघडायला नकार दिला. पण त्या एका शब्दामागे धावताना आधीचे निर्णय नजरेआड होतात, आणि जबाबदारी शोधायची तर ती तिथेच सापडते.

त्या दिवशी विद्यार्थ्यांची निषेध सभा दुपारी बाराची. ती शांत होती आणि पांगवायला सुरुवात झाल्यावरच दगड आले, असं राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या स्क्रँटन आयोगाचंच म्हणणं. आदल्या दिवशी राज्यपाल जेम्स ऱ्होड्स केंटमध्ये येऊन आंदोलकांना नाझींच्या ब्राउनशर्टांहून, म्हणजे गणवेशधारी गुंडांच्या फौजेहून, वाईट म्हणून गेले होते. (५ मेला त्यांची सिनेटच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणूक होती.) सभेवर बंदी आहे का, असली तर कोणी घातली, याचा त्या दिवशी सगळा घोळ होता.

मग हत्यारं. शंभरेक जवानांकडे एम-वन गॅरंड रायफली, भरलेल्या, संगिनी चढवलेल्या. ही रणांगणाची बंदूक, क्लिपमध्ये आठ गोळ्या. अश्रुधुराचा जोर वाऱ्याने घालवला. तो निकामी ठरला की हातात उरली संगीन आणि गोळी. विद्यार्थ्यांसमोर जाताना सरसकट भरलेल्या रायफली देणं यापुढे बंद व्हावं, असं आयोगाने बजावलं ते यामुळेच.

गार्डचे जनरल रॉबर्ट कँटरबरी साध्या सुटात तुकडीबरोबर होते. मैदानातला जमाव पांगला होता. तरीही तुकडी टेकडी ओलांडून पलीकडच्या फुटबॉलच्या सराव मैदानात उतरली आणि कुंपणाशी अडली. दहाएक मिनिटं तिथे दगड, शिव्या आणि अश्रुधुराची परतफेड चालली. काही जवानांनी गुडघे टेकून नेम धरला, पण गोळी झाडली नाही. मग तुकडी परत टेकडी चढली आणि माथ्यावर पोचल्यावर, १२ वाजून २४ मिनिटांनी, काही जवान मागे वळले. २८ जणांनी १३ सेकंदांत साठहून अधिक गोळ्या झाडल्या.

'जीव धोक्यात होता' हा जवानांचा बचाव. अंतरं बघा. मेलेल्यांपैकी सर्वांत जवळचा जेफ्री मिलर सुमारे ८० मीटरवर होता, म्हणजे क्रिकेटच्या सीमारेषेच्याही जवळपास बाहेर. सँड्रा शॉयर जवळजवळ १२० मीटरवर होती. तिचा आंदोलनाशी संबंधच नव्हता. इतक्या लांबून दगड पोचत नाही.

मग शिक्षा का नाही? ऑक्टोबर १९७० मध्ये स्थानिक ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, २५ जणांवर आरोप ठेवले. त्यात विद्यार्थी होते, एक प्राध्यापक होता, जवान एकही नाही. १९७४ मध्ये संघराज्याच्या ग्रँड ज्युरीने आठ जवानांवर खटला भरला, पण कलम होतं नागरी हक्क हिरावल्याचं. त्यात नुसती गोळी झाडल्याचं दाखवून भागत नाही. हक्क हिरावण्याचाच हेतू मनात होता, हे सिद्ध करावं लागतं. सरकार पक्षाला ते जमलं नाही, म्हणून न्यायाधीश बॅटिस्टींनी खटला मध्येच काढून टाकला. मात्र, ही त्या वागण्याला मान्यता नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केलं.

दिवाणी बाजूला १९७४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नुकसानभरपाईच्या दाव्यापासून राज्यपालालाही सरसकट संरक्षण नाही. तरी १९७५ मध्ये ज्युरीने नऊ विरुद्ध तीन मतांनी गार्डच्या बाजूने कौल दिला. एका ज्युरी सदस्याला धमकावल्याचा मुद्दा नीट हाताळला गेला नव्हता, म्हणून अपिलात फेरसुनावणीचा आदेश झाला आणि जानेवारी १९७९ मध्ये तडजोड झाली. ६,७५,००० डॉलर राज्याच्या तिजोरीतून दिले गेले. कमरेखाली लुळा झालेल्या डीन केलरला ३,५०,०००, मेलेल्या चौघांच्या घरच्यांना प्रत्येकी १५,०००. २८ प्रतिवाद्यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. त्यात 'खेद' आहे, 'माफी' नाही.