सातबारा, एक जून आणि अमेरिकेचं सिक्युरिटी क्लिअरन्स

वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डमध्ये, म्हणजे नौदलाच्या आवारात, गोळीबार झाला त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या कंपनीने माझं नाव सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, पुढे पाठवलं. मुहूर्त असा की विचारता सोय नाही. वॉशिंग्टन आणि आसपासच्या भागात तेव्हा जिकडेतिकडे दोनच प्रश्न होते: गोळीबार करणाऱ्या माणसाला ‘सीक्रेट’ पातळीचं क्लिअरन्स मिळालंच कसं, आणि त्याला बंदूक विकलीच कुणी? मी नदीच्या अलीकडे, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत राहते. बंदूक विकली गेली ते लॉर्टन आमच्याच काउंटीत.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १६ सप्टेंबर २०१३, सोमवार. नौदलाच्या कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम करणारा अ‍ॅरन अ‍ॅलेक्सिस नावाचा माणूस सकाळी आठच्या सुमारास वॉशिंग्टन नेव्ही यार्डमधल्या १९७ नंबरच्या इमारतीत शिरला. गेटवर कुणाला चुकवलं नाही की कुंपणावरून उडी मारली नाही. त्याच्याकडे रीतसर पास होता आणि खांद्याच्या बॅगेत नळी कापलेली शॉटगन होती. बारा जणांना मारलं, शेवटी पोलिसांच्या गोळीने स्वतः मेला. मृतांमध्ये मूळचे मुंबईचे एक गृहस्थ होते, उभी कारकीर्द नौदलाच्या कामात गेलेले. त्यामुळे आमच्याकडच्या मराठी घरांतून ही बातमी नुसती टीव्हीवरची राहिली नव्हती.

तर माझ्यासमोर आला एसएफ-८६, म्हणजे क्लिअरन्सचा अर्ज. छापला तर १२७ पानांचा फॉर्म, पण भरायचा ऑनलाइन. नागरिकत्व मिळून मला फार काळ झाला नव्हता (क्लिअरन्सला अमेरिकी नागरिकत्व लागतंच, ग्रीनकार्डवाल्यांनी नाद सोडावा), त्यामुळे सरकारी फॉर्मांचा माझा सराव ताजा होता. तरी याने घाम फोडला. दहा वर्षांतली राहण्याची सगळी ठिकाणं, मध्ये एका महिन्याचीही फट चालत नाही. अलीकडच्या पत्त्यांवर आपल्याला ओळखणाऱ्या कुणाचं तरी नाव आणि फोन. आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये माझी ओळख होती ती समोरच्या कोरियन आजींची, आणि त्या कधीच मुलाकडे राहायला गेल्या होत्या.

नातेवाइकांचा भाग आला तेव्हा पुण्याला फोन लावला. आईवडील, भाऊ, सासूसासरे, दीर, प्रत्येकाची जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, काय करतात, आणि कुठल्या परकीय सरकारशी संबंध आहे का. परकीय सरकार म्हणजे भारत सरकार, हे आईच्या गळी उतरवायला वेळ लागला. “अगं, बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते हे कशाला लिहितेस? त्यांना जाऊन किती दिवस झाले!” लिहिलं. भाऊ महावितरणमध्ये. ती कंपनी आहे, पण सरकारची. लिहिलं. दीर सहकारी बँकेत. सहकारी म्हणजे सरकारी नव्हे, हे पुढे सांगावं लागणार याची मला तेव्हाच खात्री होती.

मग जन्मतारखा. आईची १ जून, सासऱ्यांची १ जून, सासूबाईंचीही १ जून. आपल्याकडे यात काय विशेष आहे! शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी लिहिली ती तारीख. पण वॉशिंग्टनच्या एखाद्या टेबलावर एकाच फॉर्ममध्ये तीन वेळा १ जून दिसला की तो बनावट वाटणार. फॉर्ममध्ये तारखेशेजारी ‘अंदाजे’ अशी एक खूण करायची सोय असते. ती तिन्हीकडे केली आणि शेवटच्या शेऱ्याच्या चौकटीत शाळामास्तरांची पद्धत चार ओळींत समजावून सांगितली. परदेशी मालमत्तेच्या रकान्याचंही तेच. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा गावच्या सातबाऱ्यावर आईसोबत आम्हा दोघा भावंडांची नावं लागली होती. सामाईक, न वाटलेले, कोरडवाहू काही गुंठे. किंमत डॉलरमध्ये लिहा! तलाठ्याकडून काढलेल्या उताऱ्याचा फोटो भावाने पाठवला, त्यावरून एक आकडा लिहिला आणि तोही ‘अंदाजे’.

खरी अडले ती एकविसाव्या प्रश्नापाशी. गेल्या सात वर्षांत मानसिक किंवा भावनिक तक्रारीसाठी डॉक्टरांना भेटलात का? तेव्हाच्या प्रश्नात सवलती होत्या: निव्वळ वैवाहिक, कौटुंबिक किंवा शोकाचं समुपदेशन असेल, आणि त्यात तुमच्या हातून हिंसा झालेली नसेल, तर ‘नाही’ म्हणायला मुभा. लढाईवरून परतलेल्या सैनिकांनाही वेगळी सूट होती. बाबा गेल्यावर मला झोप लागेना. आधी समुपदेशक झाला, मग मानसोपचारतज्ज्ञ, वर्षभर गोळ्या. हा निव्वळ शोक, की शोकातून निघालेलं नैराश्य? नवऱ्याचं मत सरळ होतं, “शोकच तो, ‘नाही’ लिही.” ऑफिसातल्यांचं म्हणणं त्याहून स्पष्ट. नेव्ही यार्डच्या मारेकऱ्याला आवाज ऐकू येत होते, झोपेच्या तक्रारीसाठी तो माजी सैनिकांच्या इस्पितळात गेला होता, हे पेपरात आलं होतं. अशा वेळी ‘झोप’ आणि ‘मानसोपचार’ हे शब्द स्वतःच्या फॉर्ममध्ये कोण घालील? मी जाणते अशा दोघांनी त्या काळात डॉक्टरकडे जायचंच टाळलं. हा त्या हिवाळ्यातला सर्वांत वाईट परिणाम, असं मला अजून वाटतं. मी ‘हो’ लिहिलं, कारण गोळ्यांची नोंद विम्याकडे होती आणि या फॉर्मवर खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शौर्य वगैरे काही नव्हतं. सोबत डॉक्टरांसाठी एक संमतीपत्र सही करून द्यावं लागलं. त्यावर डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच, की हिच्या विवेकावर, भरवशावर किंवा गुपित सांभाळण्याच्या कुवतीवर परिणाम होईल असा काही आजार आहे का, असल्यास काय, आणि पुढे काय होईल असं वाटतं.

सीक्रेट पातळीला एरवी मुलाखत होतेच असं नाही, बरंचसं काम नोंदी तपासून होतं. माझे नातेवाईक आणि तो एकविसावा प्रश्न, यांच्यामुळे माझी झाली. आलेले गृहस्थ निवृत्त पोलीस वाटावेत असे, वयस्कर, अतिशय सभ्य. ऑफिसातल्या छोट्या खोलीत बसलो. स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणली होती त्यांनी. (रात्री आईचा पहिला प्रश्न: “चहा तरी दिलास का त्यांना?” पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला आलेले हवालदार तिच्या डोळ्यांसमोर होते.) त्यांनी फॉर्म ओळीने घेतला. सहकारी बँक म्हणजे काय, यावर अपेक्षेप्रमाणे वेळ गेला. सातबाऱ्यावर त्याहून जास्त. “ही जमीन विकायची ठरवली तर सरकारची परवानगी लागते का? तिच्यावरून तुमच्यावर कुणी दबाव आणू शकेल का?” मी म्हटलं, दबाव आणायचाच तर चुलते आणतील, बांधावरून. ते हसले नाहीत, लिहून घेतलं. गोळ्यांविषयी मात्र दोन-तीन प्रश्नांत आटोपलं: केव्हा सुरू, केव्हा बंद, कुणी सांगितल्या.

उठताना त्यांनी विचारलं, मला वाटतं यादीबाहेरचं असावं, “तुम्हाला कधी कुणाची भीती वाटली आहे का, कामाच्या ठिकाणी?” मी नाही म्हटलं. तो प्रश्न अ‍ॅलेक्सिसच्या सहकाऱ्यांना ऑगस्ट २०१३ मध्ये कुणी विचारला असता तर, असं मनात येऊन गेलं.

कारण त्याची कागदपत्रं तोवर बाहेर आली होती आणि मी ती, स्वतःची फाइल कुठेतरी टेबलावर पडलेली असताना, अधाशासारखी वाचत होते. २००४ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये त्याने एका बांधकाम कामगाराच्या गाडीच्या टायरवर गोळ्या झाडल्या, अटक झाली. २००७ मध्ये तो नौदलाच्या राखीव दलात भरती झाला, तेव्हा फॉर्ममध्ये ही अटक त्याने सांगितलीच नाही. तपासात ती बोटांच्या ठशांवरून सापडली. पण चौकशी करणाऱ्यांनी पोलिसांचा मूळ अहवाल मिळवला नाही आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे गेलेल्या कागदावर लिहिलं होतं, की त्याने टायरमधली हवा घालवली. बंदुकीचा उल्लेखच नाही! २००८ मध्ये क्लिअरन्स मिळालं, ते दहा वर्षं चालणारं. मध्ये २०१० मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला वरच्या मजल्याच्या जमिनीतून त्याची गोळी गेली, तो म्हणाला बंदूक साफ करत होतो, गुन्हा दाखल झाला नाही. गोळीबाराच्या महिनाभर आधी ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टमध्ये त्याने स्वतःच पोलिसांना सांगितलं, की लोक पाठलाग करताहेत, मायक्रोवेव्ह यंत्राने शरीरात कंपनं सोडताहेत. पोलिसांनी नौदलाच्या तळाला कळवलं. पुढे काही झालं नाही.

त्याची तपासणी करणारी यूएसआयएस ही खासगी कंपनी. सरकारची गुपितं पत्रकारांना देणाऱ्या एडवर्ड स्नोडेनची एक तपासणीही तिचीच. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने तिच्यावर आरोप ठेवला, की अर्धवट राहिलेल्या ६ लाख ६५ हजार तपासण्या पूर्ण म्हणून पाठवून दिल्या. माझी मुलाखत झाली त्या सुमारास हे वाचलं. मग लक्षात आलं की सातबाऱ्यावर इतका वेळ बसलेला तो सभ्य माणूस आणि ती हवा गेलेली टायरं एकाच यंत्रणेतली आहेत. त्या वेळी देशात ५० लाखांच्या आसपास लोकांकडे क्लिअरन्स होतं.

आता बंदूक. आमच्या टीममधला एक माजी नौसैनिक हरणांच्या शिकारीला जातो. त्याने मला बंदूक घेताना भरायचा तो दुसरा फॉर्म समजावला, ४४७३ नंबरचा. दुकानातच भरायचा, काही पानांचा. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, फरार आहात का, अमली पदार्थांचं व्यसन आहे का, न्यायालयाने किंवा तशा अधिकाऱ्याने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का, मनोरुग्णालयात सक्तीने ठेवलं होतं का. दुकानदार नावाची तपासणी करून घेतो, बहुतेक वेळा उत्तर गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं असतानाच येतं. अ‍ॅलेक्सिसने शनिवारी, १४ तारखेला, रेमिंग्टन ८७० जातीची शॉटगन अशीच घेतली. त्याला शिक्षा कधी झाली नव्हती, कोर्टाने वेडा ठरवलं नव्हतं. तो तपासणीत उत्तीर्ण झाला, आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे व्हायलाच हवा होता.

टीव्हीवर मात्र वाद चालला होता तो भलत्याच मुद्द्यावर. सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर मँचिन आणि टूमी या सिनेटरांनी आणलेलं, बंदूक घेणाऱ्यांच्या तपासणीचं विधेयक एप्रिल २०१३ मध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांवर अडलं होतं, साठ मतं लागत होती. ते मंजूर व्हायला हवं होतं असं माझंही मत आहे. पण त्याचा भर होता बंदुकांच्या प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीवर. इथे विक्री परवानाधारक दुकानात, तपासणी करून झाली होती. उलट बाजूचे म्हणत होते, बंदुकीला दोष देऊ नका, क्लिअरन्स कडक करा. मी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बघितले तर दिसलं ते वेगळंच: दोन्ही फॉर्म कुठेतरी आधीच लिहून ठेवलेलं शोधतात. न्यूपोर्टच्या पोलिसांनी जे ऐकलं ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. फरक एवढाच, की माझ्याकडून त्यांना डॉक्टरचं नाव हवं होतं, चुलत्यांचा बांध हवा होता; आणि मी त्याच आठवड्यात लॉर्टनला जाऊन शॉटगन मागितली असती, तर यातलं काही कुणी विचारलं नसतं.

क्लिअरन्स मिळालं. सिक्युरिटी ऑफिसरचा एका ओळीचा ईमेल, मग गोपनीयतेच्या करारावर सही. पुढे २०१५ मध्ये कळलं, की हे फॉर्म जिथे साठवले होते तिथून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती हॅकरांनी पळवली. पत्र मलाही आलं. म्हणजे आईची १ जून आता परकीय सरकारच्याही दप्तरी असणार, हे तिला सांगितलं नाही.

क्लिअरन्सची बाजू नंतर बरीच बदलली. एकविसावा प्रश्न २०१६ मध्ये नव्याने लिहिला. आता त्यात कोर्टाचे आदेश, इस्पितळात राहणं, मोजक्या गंभीर आजारांचं निदान आणि विवेकावर मोठा परिणाम करणारा आजार आहे का, एवढंच विचारतात. आजच्या फॉर्मवर मी निर्धास्त ‘नाही’ लिहीन, आणि नवीन मुलामुलींना मी हेच सांगते, की झोप येत नसेल तर डॉक्टरकडे जा. दहा वर्षांनी एकदा चौकशी, हेही गेलं; गुन्ह्यांच्या आणि कर्जाच्या नोंदी आता सतत आपोआप तपासल्या जातात. व्हर्जिनियानेही २०२० पासून धोकादायक वाटणाऱ्या माणसाच्या बंदुका कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घेण्याचा कायदा केला. २०१३ मध्ये तो नव्हता.

मला आता वर्षभर काही ना काही कळवावं लागतं. पुण्याला जायचं तर तिकीट काढल्यावर आधी ऑफिसात तारखा, मुक्कामाचा पत्ता. परदेशी बँकेत नवं खातं, परदेशी नागरिक घरात राहायला आला तर तो, दहा हजार डॉलरच्या वर अचानक पैसा आला तर तो. भाऊ म्हणतोय जमिनीचं वाटप करून टाकू, म्हणजे तेही आलं. बंदूक विकत घेतली तर कळवा, असं त्या यादीत कुठे नाही. मी परवा पुन्हा तपासून पाहिलं.