एक मॉनिटर, दोन संगणक आणि मधला डबा

फाउंड्रींसाठी पॅटर्न आणि कास्टिंगची ड्रॉइंग करून देण्याचा माझा व्यवसाय कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात आहे. कॅडचे काम जुन्या डेस्कटॉपवर चालते, तर कोटेशन, ई-मेल आणि ग्राहकांबरोबरच्या व्हिडिओ बैठका लॅपटॉपवर होतात. टेबलावर एकाच २७ इंची फोर-के मॉनिटरपुरती जागा असल्याने दोन्ही संगणक त्यालाच जोडायचे ठरले आणि त्यासाठी दोन इनपुट व एक आउटपुट असलेला, बटण दाबून बदलायचा साधा एचडीएमआय स्विच आणला. त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नव्हता.

लॅपटॉपचे चित्र बहुतेक वेळा नीट येत असे. डेस्कटॉपकडे बटण दाबले की मात्र काय होईल याचा नेम नसे. कधी चित्र उमटे, तर कधी ‘नो सिग्नल’ ही पाटी काळ्या पडद्यावर इकडून तिकडे सरकत राही आणि थोड्या वेळाने पडदाच झोपी जाई. सकाळी स्विच लॅपटॉपकडे असताना डेस्कटॉप सुरू केला, तर नंतर दिसणारे चित्र १०२४ बाय ७६८ इतकेच असे; अक्षरे फुगलेली आणि कॅडचे अर्धे टूलबार पडद्याबाहेर. सारे काही जुळून आले तरीही माउसचा बाण अडखळत चाले, त्यामुळे रेषेचे टोक नेमके पकडताना जीव मेटाकुटीला येई.

माझा धाकटा भाऊ पॅनेल वायरिंगची कामे करतो. त्याने आल्या आल्या निदान केले, “ताई, लाइटचा प्रॉब्लेम हाय हा. शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज पडतंय बघ.” उद्यमनगरात ही शंका सर्वात आधी येणे स्वाभाविक आहे. म्हणून मॉनिटर आणि दोन्ही संगणक यूपीएसवर घेतले आणि कॉम्प्रेसर बंद असतानाही निरीक्षण केले. दोष तसाच राहिल्याने वीज यातून वगळता आली.

पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळला. स्विच बाजूला काढून तीच केबल थेट डेस्कटॉपला लावली. ‘नो सिग्नल’ची तक्रार पूर्ण थांबली, पण बाणाचे अडखळणे जसेच्या तसे राहिले. म्हणजे आतापर्यंत एकच वाटणारी ही दुखणी प्रत्यक्षात दोन होती आणि त्यांची कारणेही वेगळी होती.

पहिल्याचे कारण स्विचमध्ये होते. एचडीएमआयच्या १९ पिनांमधून केवळ चित्र आणि आवाज जात नाही. पंधराव्या आणि सोळाव्या पिनेवरून मॉनिटर आपली ओळख, म्हणजे ईडीआयडी, संगणकाला कळवतो, तर एकोणिसाव्या पिनेवरून मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे संगणकाला समजते. माझ्यासारखा साधा स्विच या तारा एका वेळी एकाच संगणकाला जोडतो, त्यामुळे दुसऱ्याच्या दृष्टीने मॉनिटर उपटून नेलेला असतो. परत जोडताना ओळख वाचली गेली नाही, तर संगणक अंदाजाने लहान आकाराचे चित्र पाठवतो. स्विच मध्ये असताना डेस्कटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या नावाऐवजी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे दिसत होते. केबल थेट लावताच मॉडेलचे खरे नाव आले.

दुसरे कारण ग्राफिक्स कार्डात सापडले. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, ३० हर्ट्झ दिसत होता; बाण अडखळत होता तो यामुळेच. जुन्या कार्डाचा पोर्ट एचडीएमआय १.४ चा असून त्याची मर्यादा सेकंदाला १०.२ गिगाबिट आहे आणि त्यातून फोर-के चित्र ३० हर्ट्झनेच जाते. ६० हर्ट्झसाठी २०१३ मध्ये आलेले एचडीएमआय २.० लागते. मात्र त्याच कार्डावर डिस्प्लेपोर्ट १.२ हा मॉनिटर जोडण्याचा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट होता आणि त्यातून फोर-के ६० हर्ट्झने सहज जाते.

मॉनिटरच्या पाठीमागेही डिस्प्लेपोर्टचे तोंड रिकामेच होते. डेस्कटॉप तेथे जोडला, लॅपटॉप एचडीएमआयवर ठेवला आणि मधला डबा काढून टाकला. मॉनिटरच्या मेनूमध्ये इनपुट आपोआप शोधण्याची सोय बंद केली, कारण एक संगणक झोपताच मॉनिटर दुसऱ्याकडे उडी मारत असे. कीबोर्ड आणि माउससाठी साधा यूएसबी स्विच पुरतो. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस एकदमच एका संगणकाकडून दुसऱ्याकडे नेणारे आणि ईडीआयडी जपून ठेवणारे चांगले केव्हीएम स्विच मिळतात, पण ती सोय नसलेला स्वस्त केव्हीएम घेणे म्हणजे तेच दुखणे जास्त पैसे मोजून घेणे होय. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी केबल घेणाऱ्यांनीही दिशा पाहावी. ती सहसा संगणकाच्या डिस्प्लेपोर्टकडून मॉनिटरच्या एचडीएमआयकडेच चालते, उलट नाही.

या जोडणीत एक गैरसोय उरते. पडद्यावर डेस्कटॉप दिसत असतानाही लॅपटॉपला मॉनिटर जोडलेलाच वाटतो, त्यामुळे बैठकीची विंडो न दिसणाऱ्या पडद्यावर उघडते. तेव्हा ती विंडो निवडलेली असताना विंडोज आणि शिफ्टसह बाणाची कळ दाबली की ती लॅपटॉपच्या पडद्यावर येते. बैठक लांबणार असेल, तर मी विंडोज आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडते.