अल्निटाकला पडलेलं खळं

जानेवारीची रात्र, तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर ट्रायपॉड, त्यावर कॅमेरा लावलेली दुर्बीण, आणि स्क्रीनवर मृगाच्या बाणातल्या अल्निटाकभोवती हे एवढं गोल खळं! बाबा शेकोटीवरून उठून डोकावले. "ताऱ्याले बी खळं पडते का रे? पानी येईन मंग."

आधी काचेवर साचलेल्या दवावर संशय घेतला. पण दवाची आभा पसरट, धूसर असते. याची कड वाटीच्या काठासारखी रेखीव. शिवाय ऑक्सिजन-३ फिल्टर (तेजोमेघातल्या ऑक्सिजनचाच उजेड आत सोडणारी काच) काढला की खळं गायब. म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरवर आपटून पुन्हा खाली येत होता, अर्थातच फोकसबाहेर.

व्यास मोजला: १३३० पिक्सेल. एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉन, म्हणजे ५ मिमी. दुर्बीण एफ/५, म्हणजे फोकल लांबी तिच्या तोंडाच्या पाचपट. उजेड फिल्टरपर्यंत जाऊन परत येतो, अंतर दोनदा कापतो; म्हणून खळ्याचा व्यास गुणिले ५, भागिले २: साडेबारा मिमी. फिल्टर ते सेन्सर अंतर जवळपास तेवढंच निघालं. (खरं सांगतो, अल्निटाकशेजारच्या तेजोमेघातली घोड्याच्या डोक्यासारखी आकृती दिसली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.)

मग फिल्टर उलटा केला, आरशासारखी बाजू दुर्बिणीकडे. खळं बरंच फिकं झालं, गेलं मात्र नाही. स्वस्तातल्या फिल्टरकडून आणखी काय मागायचं!

बाबांनी पुन्हा पाहिलं. "आता नाही येत पानी," म्हणाले, आणि शेकोटीत पऱ्हाटी सारली.