मोठा श्वास घ्या, मावशी

पोट तपासायला शिकताना पहिली बोलणी ठरलेली: "पोटाकडे काय बघतोस, पेशंटच्या तोंडाकडे बघ!" दुखलं तरी माणूस बोलेलच असं नाही; आपल्याकडच्या बायका तर "काही नाही हो, जरासंच" म्हणतात. पण कपाळावरची आठी लपत नाही.

बाकीचे नियम साधे. पेशंटच्या उजव्या हाताला उभं राहायचं, तळवे चोळून गरम करायचे, गुडघे दुमडायला सांगायचे, दुखरी जागा शेवटी. गार हात लागला की पोट आक्रसतं आणि आतलं काही कळू देत नाही.

पोट तपासताना बोटानं ठोकून आवाजही ऐकतात; ही पद्धत व्हिएन्नातल्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरानं 1761 मध्ये छातीसाठी मांडली. त्याचे वडील खानावळवाले; पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून बघतात, हे त्यानं घरीच पाहिलं होतं म्हणे. खरं असो-नसो, शिकवताना हे सांगितलं की पोरं बाक, टेबल, मित्राची पाठ, सगळं ठोकत सुटतात.

मला मौज वाटते यकृत आणि पानथरीची, म्हणजे प्लीहेची. नवशिक्या कणीक तिंबल्यासारखा पोट दाबत सुटतो. खरं तर ओटीपोटाच्या उजव्या कोपऱ्यात हात सपाट ठेवून नुसतं थांबायचं. श्वास आत गेला की छातीखालचा पडदा खाली येतो, यकृताला ढकलतो, आणि ते वाढलेलं असलं तर त्याची कड आपणहून बोटांना येऊन लागते. नाही लागली तर श्वास सुटताना थोडं वर सरकायचं. पानथरी डावीकडे, पण तिच्यासाठीही निघायचं याच उजव्या कोपऱ्यातून, तिरकं. फार वाढली की ती बेंबी ओलांडून इथवर येते. थेट डाव्या बरगडीखाली चाचपणाऱ्याला मग कड सापडतच नाही. उलट, दोन-तीन पट वाढल्याशिवाय ती सहसा हाताला लागत नाही. त्यामुळे होस्टेलवर एकमेकांच्या पोटांवर कितीही सराव करा, सापडतात फक्त गुदगुल्या.

हे सगळं श्वासावर चालतं आणि श्वास आपल्या हातात नसतो. "मोठा श्वास घ्या" म्हटलं की मावशी घेतात, आणि धरूनच बसतात. आपण कड शोधण्यात गुंग. शेवटी त्याच कशाबशा विचारतात, "डॉक्टर, सोडू का आता?"